हरवू शकणाऱ्या माणसासाठी ट्रॅकर: नकाशावरचा ठिपका नेमकं काय सांगतो?

घरात स्मृतिभ्रंश झालेले वडील असतात, दार उघडं दिसलं की धावत सुटणारं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल असतं, किंवा गर्दीत भांबावणारी आजी असते. एकदा शोधाशोध झाली की कुणीतरी सांगतंच, "अहो, एक जीपीएस लावून टाका ना!" सल्ला चुकीचा नाही. अडचण अशी की दुकानात आणि ऑनलाइन 'ट्रॅकर' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या वस्तू विकल्या जातात. बाराशे रुपयांचा टॅग, चार हजारांचं घड्याळ आणि गळ्यातला क्यूआर कोडचा बिल्ला ही एकमेकांची स्वस्त-महाग रूपं नाहीत. त्यांची कामंच वेगळी आहेत.

प्रश्न लहान नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे त्या वयातल्या दर शंभरात सातांहून अधिक जणांना, असा अंदाज देशव्यापी पाहणीवरून काढला गेला आहे. जपानमध्ये पोलिस याची वेगळी नोंद ठेवतात. तिथे 2023 या एका वर्षात स्मृतिभ्रंशामुळे बेपत्ता झालेल्यांच्या 19 हजारांहून जास्त तक्रारी आल्या. आपल्याकडे घरातले, शेजारचे आणि रिक्षावाले मिळून माणूस शोधून आणतात. त्यातल्या बहुतेक घटना कुठल्याच कागदावर येत नाहीत.

खरेदीआधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. पहिला, माणूस आत्ता कुठे आहे? दुसरा, सापडलेला माणूस कोण आहे, कुणाचा आहे? पहिल्या प्रश्नाला बॅटरी, सिम, उपग्रह हे सगळं लागतं. दुसऱ्याला यातलं काहीच लागत नाही. बहुतेक घरं पहिल्यावर पैसे खर्च करतात आणि दुसरा विसरतात.

उपग्रहाला तुमचे वडील दिसत नाहीत

जीपीएसबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे उपग्रह वरून आपल्यावर नजर ठेवतो. तसं काही नसतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरत सतत दोनच गोष्टी सांगत असतात: मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत. तुमच्या हातातलं यंत्र ते नुसतं ऐकतं. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतला फरक काढला की त्या उपग्रहापासूनचं अंतर कळतं. अशी किमान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा गणिताने निघते. तीन पुरेसे वाटतात, पण यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक काढायला चौथा लागतो. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, 300 मीटर जाते, त्यामुळे घड्याळ तेवढं जरी चुकलं तरी माणूस दोन गल्ल्या पलीकडे दिसेल. इस्रोची 'नाविक' प्रणालीही याच तत्त्वावर चालते. अलीकडची बरीच यंत्रं अशा दोन-तीन देशांच्या उपग्रहांचं एकदम ऐकतात, म्हणून आकाशाचा तुकडाच दिसत असेल तेव्हाही चार उपग्रह मिळण्याची शक्यता वाढते.

म्हणजे जागा कळते ती यंत्राला, तुम्हाला नाही. ती तुमच्यापर्यंत पोहोचवायला यंत्रात मोबाइलचं सिम लागतं. यंत्र आपली जागा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर ती तुमच्या ॲपला दाखवतो. या साखळीत आकाश, मोबाइलची रेंज, सिमचा रिचार्ज आणि बॅटरी हे सगळं एकाच वेळी जागेवर असावं लागतं. घाटातल्या दरीत वर उपग्रह दिसत असले तरी खाली रेंज नसते, मग जागा कळलेलं यंत्र गप्प बसतं. चांगली यंत्रं ती साठवून ठेवतात आणि रेंज आल्यावर पाठवतात. मुंबईच्या भुयारी मेट्रोत तर आकाशच नाही.

स्वस्त ट्रॅकरमध्ये आणखी एक मेख आहे. त्यातले अनेक अजून 2जीवरच चालतात आणि जिओच्या जाळ्यात 2जी नाही. घरात सगळ्यांची जिओची सिमं आहेत म्हणून त्यातलंच एक ट्रॅकरमध्ये घातलं, तर तो कधीच बोलणार नाही. खोक्यावर '4जी' लिहिलंय का ते बघा, आणि वडील ज्या भागात फिरतात तिथे कोणत्या कंपनीची रेंज आहे तेही बघा. रिचार्जची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. ट्रॅकरच्या सिमवर कुणी फोन करत नाही, त्यामुळे ते बंद पडलेलं कुणाच्या लक्षातच येत नाही.

ठिपका सोडा, वर्तुळ आणि वेळ बघा

या लेखातलं एवढं एक लक्षात राहिलं तरी चालेल. ॲप उघडलं की नकाशावर ठिपका दिसतो आणि आपण त्या ठिपक्याकडे धावतो. पण त्या ठिपक्याभोवती बहुधा फिकट वर्तुळ असतं (माणूस त्यात कुठेही असू शकतो) आणि बाजूला बारीक अक्षरात वेळ असते. खरी माहिती त्या दोन्हींत आहे.

मोकळ्या आकाशाखाली जीपीएसची चूक साधारण पाच मीटरची असते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की लहरी भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात, यंत्राला अंतर जास्त वाटतं आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो. माणूस छपराखाली गेला की उपग्रहांचा क्षीण आवाज ऐकूच येत नाही. मग यंत्र आजूबाजूच्या वायफायच्या नावांवरून अंदाज बांधतं. तेही नसेल तर जवळच्या मोबाइल टॉवरवरून. शहरात टॉवरचा अंदाज काहीशे मीटरनी चुकतो, खेड्यात काही किलोमीटरनी. तीनही वेळा पडद्यावर ठिपका तितकाच ठळक दिसतो, फक्त वर्तुळ मोठं होतं. काही स्वस्त ॲप वर्तुळ दाखवतच नाहीत. तशा ॲपवर ठिपका अचानक शेताच्या मधोमध किंवा तळ्यात दिसला, तर घाबरून जाण्याआधी तो टॉवरचा अंदाज तर नाही ना, हे तपासा.

आता वेळ. ट्रॅकरच्या जाहिरातीत 'लाइव्ह' लिहिलेलं असतं, पण बॅटरी वाचवायला बहुतेक यंत्रं दर पाच, दहा किंवा तीस मिनिटांनी एकदाच जागा कळवतात. समजा दादरला राहणारे बाबा चालत स्टेशनवर गेले आणि समोर आलेल्या ठाण्याच्या जलद लोकलमध्ये बसले. दादर ते ठाणे सुमारे 25 किलोमीटर, वेळ साधारण अर्ध्या तासाच्या आत. यंत्र दर दहा मिनिटांनी बोलत असेल, तर दोन ठिपक्यांमध्ये ते आठ-दहा किलोमीटर पुढे गेलेले असतात. तुम्ही कुर्ल्याच्या ठिपक्याकडे टॅक्सीने निघालात, तोवर ते मुलुंडला पोहोचले. अशा वेळी एका ठिपक्याचा पाठलाग करण्यात अर्थ नसतो. मागचे दोन-तीन ठिपके जोडून दिशा आणि वेग काढायचा. वेग चालण्याचा आहे की गाडीचा, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. ते रेल्वेमार्गावरून सरकताहेत हे दिसलं की रेल्वे पोलिसांना पुढच्या स्थानकावर कळवता येतं.

बहुतेक ॲपमध्ये माणूस हरवला की लगेच चालू करायची एक सोय असते, जिच्यामुळे यंत्र दर काही सेकंदांनी जागा पाठवू लागतं. ती आधीच शोधून ठेवा. पण त्याने बॅटरी झपाट्याने उतरते, दहा टक्केच उरली असेल तर ती वापरायची की नाही हे ठरवावं लागेल. रेंज नसलेल्या जागी यंत्र सतत टॉवर शोधत राहतं, त्यानेही बॅटरी जाते. सिमवालं घड्याळ म्हणजे रोज किंवा एक दिवसाआड चार्जिंग, हे धरूनच चाला. चार्जिंगची वेळ माणूस झोपलेला असतानाची नको. स्मृतिभ्रंशात रात्री उठून बाहेर पडणं बरंच दिसतं. अंघोळीची, टीव्हीवरच्या मालिकेची, घरात कुणीतरी समोर असण्याची वेळ बरी.

'जिओफेन्स' म्हणजे नकाशावर आखलेली अदृश्य कुंपणरेषा. ती ओलांडली की फोनवर सूचना येते. लोक उत्साहाने ती घराभोवती पन्नास मीटरची आखतात. मग बाबा सोफ्यावर बसलेले असतानाच ठिपका भिंतींमुळे साठ मीटरवर जातो आणि फोन वाजतो. दिवसात चार वेळा असं झालं की सूचना बंद केली जाते आणि नेमक्या त्याच आठवड्यात ते खरंच बाहेर पडतात. दोनशे-तीनशे मीटरची रेषा शहाणपणाची. त्याच्या आतलं काम दाराच्या घंटीकडे द्या. दाराला लावायचा चुंबकाचा सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो, उपग्रहाशी त्याचं काही देणंघेणं नाही आणि माणूस जिन्यात असतानाच तो ओरडतो. माझं मत विचाराल तर आधी तो घ्या, ट्रॅकर नंतर.

टॅग म्हणजे ट्रॅकर नव्हे

ॲपलचा एअरटॅग 2021 मध्ये आला, पुढे अँड्रॉइडचे टॅग आले. हे रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, महिनोन्महिने चालणारे, विनारिचार्ज, स्वस्त. साहजिकच लोकांना हेच आवडतात. पण यात जीपीएसही नाही आणि सिमही नाही. टॅग फक्त ब्लूटूथवर 'मी इथे आहे' अशी हाक मारत राहतो. ती साधारण दहा मीटरपर्यंत, मोकळ्यावर त्याहून थोडी पुढे ऐकू येते. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनने ती ऐकली, तर तो फोन स्वतःची जागा गुपचूप कळवतो आणि तुम्हाला टॅग तिथे दिसतो. म्हणजे टॅगचं यश आजूबाजूला योग्य कंपनीचे फोन किती आहेत, यावर अवलंबून.

आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड असतो. बांद्र्यात किंवा कोथरूडमध्ये एअरटॅगला आयफोन भेटत राहतील, पण अक्कलकोटच्या एखाद्या वाडीत दिवसभर एकही नाही. अँड्रॉइडचं जाळं 2024 मध्ये सुरू झालं. ते संख्येने मोठं आहे, पण खाजगीपणासाठी त्यात मूळ सेटिंगच असं आहे की वर्दळीच्या जागी अनेक फोनांनी टॅग पाहिला तरच जागा कळवली जाते. ओसाड रस्त्यावर एकाच फोनने पाहिलेला टॅग दिसेलच असं नाही. ॲपल स्वतः सांगतं की एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही.

आणखी एक गंमत. टॅगचा वापर कुणाचा पाठलाग करायला होऊ नये म्हणून या कंपन्यांनी त्यात सूचना घातल्या आहेत. मालकापासून दूर गेलेला टॅग कुणासोबत फिरत असेल, तर त्या माणसाच्या फोनवर 'अनोळखी टॅग तुमच्याबरोबर आहे' असा इशारा येतो. काही तासांनी टॅग स्वतःही वाजू लागतो. आजोबांकडे स्मार्टफोन असेल तर त्यांनाच हा इशारा येणार, आणि आधीच संशयाने ग्रासलेल्या माणसाला तो पुरेसा आहे. त्यात लहान मूल असेल तर आतला बटणसेल गिळण्याचा धोका आहे. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजू शकतो. झाकण स्क्रूचं असलेली पेटी वापरा.

तरीही टॅग टाकाऊ नाही. शहरातल्या वर्दळीत, ट्रॅकरची बॅटरी संपली तर असावा म्हणून दुसरा आधार, यासाठी तो उत्तम.

रेडिओलहरींनी वाचला जाणारा आरएफआयडी टॅग मात्र यात धरूच नका. 2019 च्या प्रयागराज कुंभात चौदा वर्षांखालच्या मुलांना असे टॅग लावण्याची योजना पोलिसांनी आखली होती. बॅटरी नसलेला असा टॅग यंत्राजवळ नेल्यावरच वाचता येतो, दुरून जागा दाखवत नाही. तो दुसऱ्या प्रश्नाचं, ओळखीचं उत्तर आहे. याउलट अमेरिकेत 1999 मध्ये व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात शेरीफच्या कार्यालयाने सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट लाइफसेव्हर'मध्ये मनगटावर छोटा रेडिओ असतो आणि शोधपथक हातातल्या अँटेनाने त्याच्या दिशेने चालत जातं. इंटरनेट लागत नाही, इमारतीतूनही लहर येते. पण त्यासाठी प्रशिक्षित पथक तयार असावं लागतं. नुसतं कडं मागवून इथे काही होणार नाही.

सापडलेला माणूस कोण?

नागपूर रेल्वे स्थानकावर 2016 मध्ये एक मुलगा सापडला. बोलता-ऐकता न येणारा. त्याला अनाथालयात ठेवलं, नाव दिलं. पुढे 2022 मध्ये त्याचं आधार काढायला नेलं, तेव्हा अर्ज फेटाळला गेला, कारण त्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते, बिहारमधल्या खगडिया जिल्ह्यात. सहा वर्षांनी तो घरी गेला. त्याची जागा सहा वर्षं सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हतं ते त्याचं घर.

याचा उपाय पन्नास रुपयांचा आहे. मोबाइल नंबर कोरलेलं लॉकेट किंवा कडं. जपानमधल्या इरुमा शहराने 2016 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नखांवर चिकटवायचे एक सेंटिमीटरचे क्यूआर कोड दिले. मुंबईतही क्यूआर कोडच्या लॉकेटमुळे वरळीहून हरवून कुलाब्यात पोहोचलेला एक विशेष मुलगा काही तासांत घरी परतला. क्यूआरमध्ये औषधं, रक्तगट, दोन-तीन नंबर असं बरंच मावतं, पण तो स्कॅन करायचा असतो हे समोरच्याला सुचायला हवं. म्हणून कोडशेजारी साधा नंबर कोरलेला असावाच. नाव आणि पत्ता मात्र उघड्यावर नको. मुलाला नावाने हाक मारणाऱ्यावर मूल विश्वास ठेवतं.

अंगावर टिकेल असं काय?

यंत्राची निवड ही खरं तर माणसाच्या सवयीची निवड आहे. आयुष्यभर घड्याळ घातलेल्या बाबांना नवं घड्याळ खपतं, ज्यांनी कधी घातलं नाही ते दहा मिनिटांत काढून फेकतात. स्वमग्न मुलांना पट्ट्याचा स्पर्श टोचतो, त्यांच्यासाठी कपड्याच्या आतल्या बाजूला, पाठीवर, हात पोहोचणार नाही तिथे शिवलेला खिसा चालतो. परदेशात बुटाच्या तळव्यात ट्रॅकर बसवतात. आपल्याकडे त्याचा उपयोग मर्यादित: माणूस बाहेर पडतो चपला घालून नाहीतर अनवाणी, आणि देवळाबाहेर चपला बदलून येतो ते वेगळंच. बंडीचा आतला खिसा, कमरेचा करदोटा, कधीच न सुटणारी पिशवी, तुळशीमाळ, यांपैकी आधीपासून अंगावर जे आहे त्याला धरून विचार करा. कपड्यात शिवणार असाल तर यंत्र पाण्यात टिकणारं हवं आणि धुण्याआधी काढायची आठवण कुणाची, हे ठरलेलं हवं.

स्वस्त घड्याळांबाबत एक इशारा देणं भाग आहे. 2019 मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की चीनमधल्या एका उत्पादकाचे सुमारे सहा लाख ट्रॅकर '123456' या एकाच मूळ पासवर्डवर जगभर चालू होते. म्हणजे मुलाची जागा आईला दिसते तशी कुणालाही दिसू शकत होती. मुलाच्या घड्याळातून आजूबाजूचं गुपचूप ऐकण्याची सोय असते म्हणून जर्मनीने 2017 मध्ये तशा घड्याळांच्या विक्रीवर बंदीच घातली. खोकं उघडल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं.

आणि परवानगी? स्मृतिभ्रंश सुरुवातीच्या टप्प्यात असतो तेव्हा माणसाला समजतं, मत असतं, रागही येतो. त्यांना विचारा. "तुमच्यावर लक्ष ठेवायला" म्हटलं तर नकार येईल, "तुम्हाला एकट्याने फिरायला जाता यावं म्हणून" म्हटलं तर बहुधा येणार नाही, आणि ते खरंही असायला हवं. ट्रॅकर लावून वर दाराला कुलूपही घालणार असाल तर तो लावायचा कशाला? जागा कुणाकुणाला दिसणार हेही त्यांच्यासमोर ठरवा. अख्ख्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकू नका.

हरवल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

एकाने ॲप धरून घरीच बसायचं. बाकीच्यांनी बाहेर पडायचं आणि ॲपवाल्याने फोनवर सांगत राहायचं. सगळेच फोनमध्ये डोकं घालून धावले की कुणाचंच लक्ष रस्त्यावर राहत नाही. स्वमग्न मूल असेल तर ठिपका काहीही सांगो, आधी पाणी बघा: विहीर, कालवा, नदी, सोसायटीचा तलाव, आणि खेड्यात प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, ज्याच्या काठावरून घसरलेल्याला वर चढता येत नाही. या मुलांना पाण्याची ओढ असते. स्मृतिभ्रंशाचं माणूस बहुधा एका दिशेने चालत राहतं आणि अडेल तिथे थांबतं: झुडपात, गटाराच्या कडेला, बंद गेटपाशी. हाक मारली तरी ओ देत नाही. वर्तुळाच्या आत पोहोचल्यावर नावाने ओरडत फिरण्यापेक्षा असे कोपरे वाकून बघणं जास्त कामाचं.

112 ला फोन लावा आणि जवळच्या ठाण्यात 'मिसिंग' दाखल करा. त्यासाठी चोवीस तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार थेट गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा असतो. ठाण्यात जाताना आजचा फोटो असावा, लग्नातला नव्हे. शेवटच्या ठिपक्याचा स्क्रीनशॉट वेळ आणि वर्तुळासकट पोलिसांना पाठवा.

माणूस सापडला की मिसिंग बंद करून घ्यायला पुन्हा ठाण्यात जावं लागतं. त्याच दिवशी ट्रॅकरचा पूर्ण मार्ग ॲपमधून उतरवून ठेवा, कारण अनेक कंपन्या तो काही आठवड्यांनी पुसून टाकतात. बाबा जुन्या गिरणीच्या गेटाकडे निघाले होते की पूर्वीच्या भाड्याच्या खोलीकडे, हे त्या रेषेवरून कळतं. पुढच्या वेळी एक माणूस सरळ तिकडेच पाठवता येतो.